विंगमास्तरचा गुडघा

वाक्य तेच होतं. शब्द तेच, त्यांचा क्रम तोच, आणि मधे जिथे दम घेतला होता तिथे दमही तसाच. "सगळं अगदी नीट झालंय काका, आता फक्त…" असं म्हणून व्यायामवाली बाई थांबली, तिने आवंढा गिळला, आणि मग म्हणाली, "घाई करायची नाही." त्याची टाच तिच्या तळहातात होती. टाच गादीवरून घासत मागे न्यायची आणि गुडघा जेवढा दुमडेल तेवढा दुमडायचा, असा तो रोजचा छळ होता. गुडघा अर्धवट उभा असतानाच त्याने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. काल संध्याकाळी मुलगी फोनवर हेच म्हणाली होती. 'काका'च्या जागी 'बाबा', बाकी जसंच्या तसं, आवंढ्यासकट. एक परगावी नोकरी करणारी त्याची मुलगी, दुसरी सकाळी पिशवीतून रबरी पट्टे घेऊन येणारी परकी बाई. ज्यांनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही अशा दोघी एकच वाक्य एकाच जागी तोडतात, म्हणजे काय? त्याच्या मनात पाल चुकचुकली. "दुखतंय का?" बाईने विचारलं. "छे," तो म्हणाला. दुखत होतं, चांगलं ठणकत होतं, पण त्या घटकेला त्याचं लक्ष गुडघ्यात नव्हतंच.

दुसरा कुणी असता तर त्याच्या हे लक्षातही आलं नसतं. पण याचा जन्म गेला होता दुसऱ्यांची वाक्यं ऐकण्यात. तो नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. डाव्या विंगेत एक उंच स्टूल, मांडीवर संहिता, डोक्यावर झाकण घातलेला मिणमिणता दिवा, आणि समोर उजेडात नट. नट अडला की याने विंगेतून पुढचा शब्द सोडायचा, तो नटाला ऐकू आला पाहिजे आणि पहिल्या रांगेला ऐकू येता कामा नये. थिएटरात त्याला सगळे विंगमास्तर म्हणत. नाव कुणाला ठाऊकही नसेल. नट वाक्य विसरणार हे नटाच्या आधी विंगमास्तरला कळतं, असं लोक कौतुकाने सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आधी खांदा जरा वर जातो, मग नजर कशावर तरी जाऊन खिळते. आणखीही एक गोष्ट त्याला कळायची, तिचं कौतुक मात्र कुणी केलं नव्हतं. कोण कुणाकडून वाक्य शिकलंय ते त्याला ओळखू यायचं. नवा नट जुन्याकडून वाक्य घेतो तेव्हा नुसते शब्द घेत नाही, जुन्याचा श्वासही उचलतो. शिकवणारा जिथे अडखळतो तिथे शिकणाराही अडखळतो, आणि त्याला वाटतं की ते वाक्यच तसं आहे. म्हणून व्यायामवाली बाई पट्टे गुंडाळून गेल्यावर तो पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडला आणि त्याने एवढाच विचार केला की हा आवंढा मुळात कुणाचा. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आवंढा स्वयंपाकघरात होता, भांडी लावत होता.

बायकोला वाक्य सलग बोलताच येत नसे. निदान त्याच्या समोर तरी. "उद्या जरा त्या…" असं म्हणून ती थांबायची. "दातांच्या डॉक्टरकडे," तो पुरवायचा. "हो, आणि येताना…" "छत्री दुरुस्त करून आणतो." पाहुणे हसायचे. म्हणायचे, वहिनींनी नुसती सुरुवात करावी, बाकी मास्तर सांभाळून घेतात. तीही हसायची. अर्धं तिचं, अर्धं याचं, असा संसार रेटत आला होता आणि बरा चालला होता, असं त्याचं मत होतं. बायकोचं मत काय, हे विचारायची वेळ आली नव्हती, कारण ते काय असणार हे त्याला पाठ होतं. तर हे वाक्य तिचं होतं. तिने ते मुलीला शिकवलं, व्यायामवालीला शिकवलं, आणखी कुणाकुणाला शिकवलं देव जाणे. सगळं नीट झालंय हे सांगायला कुणी तालीम घेतं का? नीट झालं असेल तर माणूस आपोआप काहीतरी वेडंवाकडं बोलून जातो. पाठांतर लागतं ते लपवायला. कुठेतरी पाणी मुरतंय, त्याने मनाशी म्हटलं, आणि मुरत असेल तर ते या गुडघ्यातच मुरतंय.

गुडघ्याकडे बघितलं की तशी शंका यायलाच हवी होती. तो अजून सुजलेला होता, हात लावला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागत होता, आणि वळवताना आतून टक् असा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले होते, आवाज होणारच, नवा सांधा धातूचा आहे, होईल सवय. कुणाला होईल सवय? कातडी आपली, केस आपले, लहानपणी पडलेला घोट्यावरचा वण आपला, आणि मधे हा कुठला कोण पाहुणा येऊन बसला आहे. झोपेतून जाग आली की पहिल्यांदा पाय जागा व्हायचा, मागाहून तो स्वतः. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. दुखेल, सूज येईल, जिने सावकाश चढा. रडू येईल हे कुणी सांगितलं नव्हतं. परवा मोजा चढवता येईना म्हणून तो रडला होता. मोजा. पायाच्या बोटांपर्यंत हात पोचेना, मोजा अंगठ्यावर लोंबकळतोय, आणि याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायको आली, तिने काही न बोलता मोजा चढवला, टाचेशी नीट ओढला आणि गेली. एरवी ती म्हणाली असती, "अहो, एवढं काय त्यात…" आणि याने म्हटलं असतं, "काही नाही, डोळ्यांत गेलं काहीतरी." पण ती बोललीच नाही, मग पुरवायचं तरी काय? आपण रडताना आपल्या बायकोने गप्प राहावं याचा त्याला राग आला, आणि रागानंतर परत रडू आलं, आणि या वयात हे काय चाललंय म्हणून लाजही वाटली. सगळं एकाच दुपारी. स्टेजवर एखाद्या नटाने असं केलं असतं तर दिग्दर्शकाने त्याला एक काहीतरी ठरव म्हणून दटावलं असतं.

एकदा संशयाचा दिवा लागला की घरातल्या सगळ्या वस्तूंना सावल्या पडायला लागतात. चहात साखर किती घालू, असं बायको त्याला विचारायला लागली होती. हे त्याला आता आठवलं आणि तो उठूनच बसला. इतक्या वर्षांत तिने असं विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं तर "बरोबर," म्हणायची, जणू तो पोर आहे आणि तिने पाढा विचारलाय. एकदा कप पुढे करून म्हणाली, "हा कप आपण कुठून आणला, आठवतं?" "तुझ्या बहिणीने दिला." "बरोबर." आणखी एक होतं. दुपारी डोळा लागून उघडला की ती दारात उभी दिसायची. आत यायची नाही. हात पदराला पुसत, त्याच्याकडे बघत, चौकटीत तशीच. तो "अगं, काय झालं?" म्हणाला की मगच तिचा खांदा खाली यायचा आणि पाय उंबऱ्याच्या आत पडायचा. पूर्वी ती पलंगाच्या कडेला बसायची, आता दाराजवळच्या खुर्चीवर बसते. आणि फोन आला की गॅलरीत जाते आणि मागे काचेचं दार ओढून घेते. बिचारीला वाटत असेल की काच लावली म्हणजे झालं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते तरी कुणापासून? ज्याने आयुष्यभर ओठ वाचले त्याच्यापासून? काल दुपारीच त्याने उशीवरून मान उचलून बघितलं होतं. उन्हात तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. "नाही," ती म्हणत होती. "त्यांना काही आठवत नाही. तुम्हीही सांगू नका." मग ती ऐकत राहिली, मग परत म्हणाली, "सांगू नका हं."

म्हणजे काहीतरी घडलं होतं. आणि ते आपल्याला आठवायला हवं होतं पण आठवत नव्हतं. त्याने आठवायचा प्रयत्न केला. ऑपरेशनच्या खोलीतला गार उजेड आठवला, पाठीत टोचलेली सुई आठवली, कुणीतरी "पाय जड झाला का?" विचारलेलं आठवलं, मग हातोडीचे आवाज. आपल्याच हाडावर सुतारकाम चाललंय आणि आपल्याला त्याचं काही नाही, याची त्याला मौज वाटली होती. त्यानंतर खोली, बायको, उशाशी पाण्याची बाटली. त्यानंतर मधे एक भोक होतं. त्यानंतर एकदम सकाळ, आणि नर्स वॉकर घेऊन उभी. ते भोक औषधांचं आणि झोपेचं आहे असं तो आजवर समजून चालला होता. आता त्याच्या लक्षात आलं की त्या भोकात सगळं काही मावू शकतं. सांधा तिरपा बसला असेल. जंतू झाले असतील. पुन्हा उघडून परत शिवला असेल. टाक्यांचा वण त्याला उगाच लांब वाटला होता, तो उगाच नव्हता. आणि ते तसं असेल तर मग स्टूल संपलं. उंच स्टूल, त्याच्या दांडीवर उजवा पाय टेकवून पुढे झुकायचं, प्रवेश संपेपर्यंत न हलता तसंच बसायचं. दुमडला नाही तर काय गुडघा तो. ते स्टूल गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. त्याला त्या प्रश्नाचं तोंड लांबूनच दिसलं आणि त्याने मान वळवली.

संध्याकाळी कंपनीचे व्यवस्थापक भेटायला आले, पिशवीभर फळं घेऊन. माणूस पोटात काही न ठेवणारा, उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला. म्हणून विंगमास्तरने ठरवलं की आज याला पकडायचा. "काय म्हणतो गुडघा?" व्यवस्थापकांनी विचारलं. "तो काय म्हणणार, तुम्हीच सांगा, कसा दिसतोय?" व्यवस्थापकांनी बायकोकडे एक नजर टाकली, अगदी ओझरती, आणि मग सुरू केलं. "सगळं अगदी नीट झालंय मास्तर, आता फक्त…" आवंढा येणार, एवढ्यात विंगमास्तर मोठ्याने खोकला. हा त्याचा जुना डाव होता. स्वतःचं वाक्य मधे तुटलं तर माणूस तुटलं तिथून पुढे बोलतो, पाठ केलेलं तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं. खोकला संपला. "पाणी देऊ का?" बायको म्हणाली. "नको. तुम्ही बोला, काय म्हणत होतात?" व्यवस्थापकांनी घसा साफ केला. "हां. सगळं अगदी नीट झालंय मास्तर, आता फक्त… घाई करायची नाही." विंगमास्तर हसला. व्यवस्थापकही हसले, त्यांना वाटलं आजारी माणूस खूश झाला. मग ते म्हणाले, तुमचं स्टूल तसंच ठेवलंय, कुणाला हात लावू दिलेला नाही. हे जास्त वाईट होतं. कंपनीत जो परत येणार असतो त्याच्या वस्तू लोक खुशाल वापरतात, त्याच्या कपात चहा पितात, त्याच्या चपला घालून बाहेर जाऊन येतात. वस्तू तशीच ठेवतात ती कुणाची, हे काय त्याला माहीत नव्हतं? मेलेल्या मेकअपवाल्याचा आरसा अजून तसाच आहे. "आता नटांच्या कानात ते यंत्र घालतात म्हणे," विंगमास्तर म्हणाला. "छे हो, यंत्राला काय कळतं, नट अडलाय की थांबलाय," व्यवस्थापक म्हणाले, आणि फळं ताजी आहेत, आजच खा, असं सांगून उठले.

अडलाय की थांबलाय. ते नेमकं याच खोलीत, याच दिवशी बोलायला नको होतं. त्या एका गोष्टीचा विषय विंगमास्तरसमोर कुणी काढत नसे. कंपनीतला थोरला नट, आता तो हयात नाही, एका नाटकात बापाचं काम करायचा. शेवटच्या अंकात मुलगा घर सोडून निघतो आणि बाप म्हणतो, "जा. पण जाताना…" आणि मग पुढचं वाक्य. पहिल्या प्रयोगाला थोरला नट "जाताना" म्हणाला आणि पुढे गेलाच नाही. त्याचा खांदा वर गेला, नजर दाराच्या कडीवर खिळली, सगळी लक्षणं हजर. विंगमास्तरने वाक्य सोडलं. थिएटर इतकं गप्प होतं की ते पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. प्रयोग झाल्यावर थोरला नट तोंडाचा रंग पुसत म्हणाला होता, "मास्तर, मी विसरलो नव्हतो. मी थांबलो होतो." रागावला नव्हता, हेच तर लागलं. विंगमास्तरला ते कधी पटलं नाही. थांबायचं होतं तर तालमीत सांगायचं, संहितेत खूण केली असती. न सांगता थांबलेला आणि विसरलेला बाहेरून सारखेच दिसतात, विंगेतल्या माणसाने काय पोटात शिरून बघायचं? आज इतक्या वर्षांनी पाय उशीवर टाकून तो हेच भांडण मनातल्या मनात परत भांडला, आणि जिंकला, आणि तरी त्याला बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ठरवलं की आता पुरे. बायको चहा घेऊन आली. कप तिपाईवर ठेवून तिने विचारलं, "साखर…" "एक चमचा, सपाट, आणि ढवळायची नाही," तो म्हणाला. "बरोबर," ती म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीकडे वळली. "तिथे नको. इथे बस, समोर." त्याने वॉकर बाजूला सारला, पाय पलंगावरून खाली सोडले, दुखरा जरा पुढे ठेवून. ती खुर्ची ओढून समोर बसली, पण पाऊण हात जागा मधे ठेवून. "तू सगळ्यांना वाक्य पाठ करायला लावलं आहेस," तो म्हणाला. तिने नाही म्हणावं, निदान कसलं वाक्य म्हणावं, अशी त्याची अपेक्षा होती. त्याची पुढची सगळी तयारी त्यावर बेतलेली होती. ती म्हणाली, "हो." एवढंच. त्याची लय चुकली. "गुडघा वाया गेलाय ना? पुन्हा उघडायचाय का? स्पष्ट सांग, मी काय लहान आहे?" तिला हसू आलं, थकलेलं, नाकातून आल्यासारखं. "गुडघ्याला काय धाड भरलीय," ती म्हणाली. "झकास आहे गुडघा. डॉक्टर सगळ्यांना तुमचा फोटो काढून दाखवतात." "मग?" "मग म्हणजे…"

ती थांबली. "मग म्हणजे हृदयाचं काही निघालं," तो म्हणाला. "नाही." "रक्तात काही." "नाही हो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही…" "बेशुद्ध पडलो." तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. आवाज न चढवता, अगदी भाजीवाल्याला सुटे मागावेत तशी ती म्हणाली, "मला एकदा तरी बोलू द्याल का?" त्याने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. गप्प बसणं त्याला येत होतं, सगळे प्रवेश त्याने गप्प बसूनच काढले होते, पण ते गप्प बसणं म्हणजे दबा धरून बसणं असायचं, कुठे फट पडतेय आणि आपण कुठे शिरतोय. तोंडात शब्द नसताना गप्प बसायचं म्हणजे काय करायचं हे त्याला कळेना. त्याने चहाचा कप धरला. ती सांगायला लागली. तिच्या वाक्यांना खरंच फार वेळ लागायचा. ती एखाद्या शब्दापाशी जायची, तिथे उभी राहायची, तो नको वाटून दुसरीकडे वळायची. हे त्याने कधी बघितलंच नव्हतं, कारण त्याआधीच तो शब्द हातात घेऊन हजर असायचा. तिने सांगितलं की त्या संध्याकाळी त्याला दुखणं थांबवायच्या औषधांची गुंगी चढली होती, औषधं जोराची होती. डॉक्टर म्हणाले, उतारवयात असं होतं कधीकधी, माणूस भरकटतो, दोन दिवसांत निवळतं, नंतर त्यांना सांगून उगाच घाबरवू नका. तो पलंगावर पुढे झुकून बसला होता आणि भिंतीकडे बघून कुजबुजत होता. ओळींवर ओळी. कुठल्या कुठल्या नाटकांच्या, सगळी पात्रं. नर्स आधी हसली, मग घाबरली. बायको त्याच्याजवळ गेली, म्हणाली, अहो, झोपा आता. "तर तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नीट बघितलंत. आणि नर्सला म्हणालात…" इथे ती थांबली, खूप वेळ, आणि त्याच्या जिभेवर काहीच नव्हतं म्हणून बरं झालं. "म्हणालात, ही बाई आमच्या नाटकातली नाही. हिला बाहेर काढा."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज बराच वेळ येत राहिला. त्याला हसावंसं वाटलं. म्हणजे एवढंच? गुडघा शाबूत, हृदय शाबूत, स्टूल जागच्या जागी. गुंगीत बडबडलेलं एक वाक्य, आणि त्याची एवढी तालीम, एवढे आवंढे. म्हणून साखर, म्हणून कप, म्हणून ते दारात उभं राहणं. आपण तिला ओळखतो की नाही हे ती रोज तपासत होती. आपण तिच्यावर संशय घेत पडलो होतो आणि ती चौकटीत उभी राहून आपल्यावर घेत होती. त्याला तिची दया आली, आणि दयेबरोबर नेहमीचा भरवसाही परत आला, पायाखाली फळी आल्यासारखा. पुढे काय येणार हे आता त्याला पूर्ण दिसत होतं. "नर्स म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसा," ती सांगत होती, "तुम्हाला बघून ते जास्तच… तर मी बाहेर गेले. बाहेर एक बाक होता. त्याच्यावर बसले. आणि मला…" ती थांबली. तिचा खांदा वर गेला. नजर त्याच्या कपाच्या कानावर खिळली. 'वाईट वाटलं.' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले, दातांपर्यंत आले, विंगेतून सोडायच्या त्या जुन्या सावध आवाजात तयार उभे राहिले. कुणालाही तेच वाटणार. दुसरं काय वाटेल? त्याने ते गिळले. कसे गिळले ते त्यालाच ठाऊक.

"बरं वाटलं," ती म्हणाली.

त्याने कप खाली ठेवला. ती आता त्याच्याकडे बघत नव्हती, पण बोलणं थांबत नव्हतं, आणि गंमत म्हणजे आता अडखळतही नव्हतं. "आधी नाही वाटलं. मग तिथल्या यंत्रातून चहा घेतला, भिकार होता, पण सगळा प्यायले. आणि वाटलं, चला. मी त्यांच्या नाटकातली नाही. मग मला काही पाठ असायला नको. कुणी विचारेना, मी सांगेना. माझ्या मनात एक वाक्य आलं ना, तर ते शेवटपर्यंत जायचं. माझं मीच ऐकत बसले होते. किती वेळ बसले कुणास ठाऊक. नर्स बोलवायला आली, म्हणाली, काकू, ते झोपलेत, या आता. तर मला उठावंसं वाटेना. अहो, तुम्ही आत तसे पडलेले, आणि मला उठावंसं वाटेना. मग मला भीती वाटली. तुमची नाही. माझी. मुलीला हे नाही सांगितलं, कुणाला नाही सांगितलं, सगळ्यांना आपलं ते एक वाक्य देऊन टाकलं, नीट झालंय म्हणून. म्हटलं, हे बरे होतील आणि सगळं परत पहिल्यासारखं होईल." तिने खुर्चीच्या हातावरचा एक धागा ओढला आणि तो निघेना म्हणून परत दाबून बसवला. "तर रोज येते आणि दारात उभी राहते. तुम्ही डोळे उघडता. आणि मला ओळखलंत की मला…"

ती थांबली. त्याचा गुडघा पलंगाच्या कडेला दुमडून बसला होता आणि आत ठणका लागला होता, पण पाय हलवला तर आवाज होईल म्हणून त्याने तो हलवला नाही. त्याच्या जिभेवर दोन वाक्यं होती. एक ती मघाशी बोलली ते 'बरं', आणि एक त्याने मघाशी गिळलं ते 'वाईट'. दोन्ही तेवढीच छोटी होती, दोन्ही त्या जागी चपखल बसत होती, आणि त्यातलं कुठलं हे त्याला ठाऊक नव्हतं. तिचा खांदा वर गेलेला होता. ती अडली आहे की थांबली आहे हे त्याला सांगता येईना. त्याने ओठ मिटले, हात मांडीखाली घातले, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत बसला.